राजीनामा लिहिण्याआधी

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू येऊन गेलीस तेव्हापासून मनातून जात नाहीयेस. झोपाळ्यावर बसलीस, तुझ्या आवडीचा लीलो चिवडा समोर होता, त्याला हात लावला नाहीस. अर्ध्या तासात फोन तीनदा वाजला, तीनदा उठून गॅलरीत गेलीस. शेवटी परत आलीस तोवर चहावर साय धरली होती. ती बोटाने बाजूला सारून तू तो गार चहा औषधासारखा घटाघटा पिऊन टाकलास आणि म्हणालीस, "काकू, सोडूनच देते सगळं." आवाजात राग असता तर मला एवढी काळजी वाटली नसती.

थांबावंसं वाटतंय तर थांब. माझी ना नाही. पण थांबायचं कसं, ते मी ठेच खाऊन शिकलेय.

एक्केचाळीसाव्या वर्षी मीही नोकरी सोडली होती, हे तुला कधी सांगितलं नाही. इथेच बडोद्यात, मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात हिशेबाचं काम होतं. मार्चअखेर आली की रात्री बाराला डोळा लागायचा आणि तीनला टक्क उघडायचा. पुढे मार्च संपला तरी तीनला जाग येतच राहिली. मग सोडली. पहिल्याच सोमवारी कमाटीबागेत फिरायला जायचं ठरवलं होतं. चपला पायात सरकवल्या आणि आतून सासूबाईंचा आवाज आला, "आता घरीच आहेस, तर पोळ्यांच्या बाईंना नको सांगूया का?" त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. मी चपला काढल्या आणि कणीक मळायला घेतली. पुढे गॅसवाला, लाइटबिल, नणंदेच्या मुलांची शिकवणी, कुणाकुणाची लग्नखरेदी. "तू घरीच असतेस ना" हे वाक्य दिवसातून चारदा कानी पडायचं. आठ महिन्यांत कमाटीबागेत गेले ती एकदाच, पाहुण्यांच्या पोरांना वाघ दाखवायला. झोप काही परत आली नाही.

म्हणून सांगते, घरासाठी वेळ दे, जरूर दे, पण पहिला महिना तुझ्या शरीराचा. हे सुट्टी सुरू व्हायच्या आधी नवऱ्याला आणि सासूबाईंना समोर बसवून बोल. पोळ्यांच्या बाई चालू राहतील, सकाळचे दोन तास तुला कुणी हाक मारणार नाही, असं स्पष्ट ठरव. नंतर मागायला गेलीस तर तुलाच अपराधी वाटेल. मला वाटायचं.

त्याआधी रक्त तपासून घे. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्व. यातलं काही कमी-जास्त असलं तरी माणूस असाच गळून जातो, आणि मग दोष मात्र नोकरीला लागतो. कामाने येणारा थकवाही खराच असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची लक्षणं सांगितली ती अशी: अंगातलं त्राण जाणं, कामाबद्दल तुटलेपणा वाटणं, आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटत राहणं. तिन्ही तुझ्यात मला दिसली. पण नवरात्रातही गरब्याला जावंसं वाटलं नाही म्हणालीस, तिथे मी अडखळले. कामाबाहेरचा आनंदही गेला असेल तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. रात्री फारच जीव घाबरला तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास.

आता कागदांचं. तुला साडेचार वर्षं झालीत ना? मग आत्ता राजीनामा देऊ नकोस. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, तिला कायम नोकरीत सलग पाच वर्षं लागतात, आणि पाच वर्षांच्या आत पीएफ काढला तर त्यावर कर बसतो. त्याऐवजी तीन महिन्यांची बिनपगारी रजा माग, लेखी अर्ज देऊन. मंजूर झालेल्या रजेने नोकरीत खंड पडत नाही. नाहीच दिली तर पुढचं बघू. दुसरं म्हणजे कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबरच संपतो. स्वतःच्या नावाची पॉलिसी आधी घे, कारण जुन्या आजारांना नव्या पॉलिसीत तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

मागे पडशील ही भीती तू बोलून दाखवली नाहीस, पण मला ती कळली. आपले सयाजीराव महाराज झोप उडाली, प्रकृती ढासळली म्हणून १८८७ साली डॉक्टरांच्या सल्ल्याने युरोपला गेले होते. राज्यभर प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं ते त्यानंतर, १९०६ साली. आपण काही राजे नाही आणि मागे दिवाण सांभाळायला नाहीत, हे मलाही कळतं. पण तू आत्ता फक्त तिशीची आहेस गं.

येत्या रविवारी सकाळी सातला कमाटीबागेजवळच्या काळ्या घोड्याच्या पुतळ्यापाशी ये. फोन घरी ठेव. नियुक्तीपत्र आणि विम्याचं कार्ड पिशवीत टाकून आण. आधी एक फेरी मारू, मग बाकावर बसून रजेचा अर्ज लिहू.

तुझी,
काकू