शॉर्टर व्हायचंय? मग कॉलेजला नाव घाला

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे. ५,००० मीटरमध्ये विभागीय स्पर्धेपर्यंत गेला. फ्रँक शॉर्टर या अमेरिकन धावपटूबद्दल वाचल्यापासून म्हणतो, बारावीनंतर दोन वर्षं शिक्षण बंद, फक्त मॅरेथॉन; आता त्यात पैसाही आहे. घरात रोज वाद. काय करावं? – एक पालक, सातारा जिल्हा

उत्तर : नमस्कार. चिरंजीवांनी माणूस चांगला निवडला, पण वाचला अर्धाच. शॉर्टरने १९७२ ची म्युनिक ऑलिंपिक मॅरेथॉन २ तास १२ मिनिटं १९.८ सेकंदांत जिंकली, हे त्याला पाठ असेल. तेव्हा तो काय करत होता, हे विचारून बघा. फ्लोरिडा विद्यापीठात वकिली शिकत होता!

त्याआधी येल विद्यापीठातून मानसशास्त्राची पदवी. त्याच शेवटच्या वर्षी, १९६९ मध्ये, अमेरिकन विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेत लांब पल्ल्याचं विजेतेपद. पहिली मॅरेथॉन १९७१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, आणि त्याच डिसेंबरात जपानची फुकुओका मॅरेथॉन जिंकली. म्युनिकमध्येही मॅरेथॉनच्या आधी १०,००० मीटरच्या अंतिम फेरीत पाचवा आला होता. म्हणजे ट्रॅकवरचा वेग आधी, ४२ किलोमीटर नंतर. सतराव्या वर्षी मॅरेथॉनच्या मागे लागून काय साधणार? आपल्याकडेही बहुतेक ठिकाणी पूर्ण मॅरेथॉनला १८ वर्षांची अट असते, ती उगाच नाही.

त्या काळी धावण्याचे उघड पैसे घेतले की ऑलिंपिकचं दार बंद व्हायचं, त्यामुळे डिग्रीवाचून गत्यंतर नव्हतं. आज बक्षिसं आहेत, प्रायोजक आहेत, हे मुलाचं म्हणणं खरं आहे. पण ते पैसे वरच्या मोजक्या लोकांना मिळतात. शॉर्टरने १९७४ मध्ये वकिलीची पदवी पुरी केली आणि १९७६ ला माँट्रियल ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनचं रौप्यही आणलं. पुढे खेळाच्या कपड्यांचा धंदा, टीव्हीवर समालोचन, आणि २००० मध्ये अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेचा पहिला अध्यक्ष.

आता तुम्हाला दोन शब्द. ‘बघ, तोसुद्धा शिकला’ म्हणून मुलाचा सराव तोडू नका. शॉर्टर शिकतानाही दिवसातून दोनदा धावायचा. तेव्हा पहाटेची धाव आणि रात्रीची झोप, दोन्ही सांभाळा; कपात करायचीच तर मोबाइलमध्ये करा. क्लासची वेळ मैदानाच्या वेळेवर येत असेल तर क्लासची बॅच बदला.

बीडचा धावपटू अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात भरती झाला आणि स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळ्यांच्या लांब शर्यतीकडे, तिथे वळला. तोही एक रस्ता आहे, आणि राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. मात्र पात्रता स्पर्धेच्या दर्जावर ठरते, म्हणून मूळ प्रमाणपत्रं आत्तापासून एका फाइलमध्ये लावा. अमेरिकेतली क्रीडा शिष्यवृत्ती डोक्यात असेल, तर दोन वर्षांची सुट्टी घातकच. बारावीनंतर फार काळ बाहेर स्पर्धा खेळत राहिलं की तिथल्या विद्यापीठांकडून धावण्याची पात्रता कमी होऊ शकते.

माझं मत विचाराल तर ज्या कॉलेजात ट्रॅक आणि प्रशिक्षक आहे, तिथे पदवीला प्रवेश घ्या. शाखा कुठलीही चालेल. तीन वर्षं ५,००० आणि १०,००० मीटर. वेळा सुधारत गेल्या तर मॅरेथॉनचा विषय तेव्हा काढू. पुढच्या पत्रात त्याच्या वर्षभरातल्या ५,००० मीटरच्या वेळा कळवा, आणि ते पत्र त्यालाच लिहू द्या.