पेनड्राइव्ह चालते पण काट्याचा कन्व्हर्टर थेट लावला की दिसत नाही, ड्रायव्हर बदलू का?

भाऊ, ड्रायव्हरला हात नका लावू. तुम्ही लिहिलं की ऑलविनर एच३ चिपवर स्वतः बोर्ड बनवला, दारव्ह्याकडे कापूस खरेदीच्या काट्याला जोडायचा आहे, पेनड्राइव्ह लावली की लगेच दिसते पण काट्याचा यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर लावला तर डीमेसेजमधे (लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, जे मेसेज लिहितो त्या यादीत) एक ओळ पण येत नाही, आणि तोच कन्व्हर्टर हबमधून लावला की मस्त चालतो. हे हबचं तुम्ही शेवटी सहज टाकून दिलं, पण उत्तर त्याच्यातच आहे.

बाहेरून एकच पोर्ट दिसते, पण एच३ मधे त्याच्या मागे दोन कंट्रोलर बसलेले आहेत, ईएचसीआय आणि ओएचसीआय. ईएचसीआय फक्त हाय स्पीडचं पाहतो, ४८० एमबीपीएस. फुल स्पीड म्हणजे १२ आणि लो स्पीड म्हणजे १.५, ते ओएचसीआयकडे. आजकालची पेनड्राइव्ह ४८० वाली, म्हणून ती चालते. सिरियल कन्व्हर्टर, कीबोर्ड, माउस, हे सारे बहुतेक १२ नाहीतर १.५ वाले. असं डिव्हाइस लावलं की ईएचसीआय पाहतो, हे आपल्या स्पीडचं नाही, आणि पोर्ट जोडीदार ओएचसीआयच्या हवाली करून मोकळा होतो. आता तो जोडीदार कर्नलच्या गावीच नसला तर डिव्हाइस तसंच पडून राहते. एरर येत नाही कारण ईएचसीआयच्या हिशेबाने त्याने त्याचं काम केलं, आणि ते हवाली केल्याचा मेसेज डीबग लेव्हलचा असल्यामुळे नेहमीच्या डीमेसेजमधे दिसत नाही. लोक इथेच फसतात, कन्व्हर्टरच खराब म्हणून दुसरा मागवतात.

हबमधून काहून चालते मग? हाय स्पीड हब वरच्या बाजूला ४८० नेच बोलते, आणि खालच्या १२ वाल्याशी बोलायला त्याच्या आत ट्रान्झॅक्शन ट्रान्सलेटर असतो. ओएचसीआयची गरजच पडत नाही. तर हबच ठेवा असं कोणी म्हणेल, पण मी जिनिंगमधे हेच काम करून राहिलो, सीझनमधे तिथे रुई इतकी उडते की हबच्या रिकाम्या पोर्टात जाऊन बसते, वरून हबचा अ‍ॅडॉप्टर वेगळा आणि तो कोणाच्या ना कोणाच्या पायात येतेच. काट्यावर जितके जोड कमी तितकं बरं.

आता कर्नलला ओएचसीआय काहून माहीत नाही ते. लॅपटॉपवर यूएसबी कंट्रोलर पीसीआयवर असतो, कर्नल विचारतो तू कोण, तो आपला क्लास कोड सांगतो, संपलं. एच३ सारख्या चिपमधे कंट्रोलर ठरलेल्या पत्त्यावर गप बसलेला असतो, विचारायची सोयच नाही. पहिले एआरएममधे (एच३ ज्या जातीची चिप आहे ती जात) प्रत्येक बोर्डासाठी ही माहिती सी कोडमधेच कोंबत, त्याचा इतका पसारा झाला की २०११ मधे लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्स जाहीर चिडला आणि तिथून एआरएम झपाट्याने डिव्हाइस ट्रीकडे वळलं. डिव्हाइस ट्री म्हणजे बोर्डाचा सातबारा समजा. विहीर शेतात असू द्या न, सातबाऱ्यावर नोंद नसली तर पंपाच्या कनेक्शनला गेल्यावर विहीर नाहीच. ओएचसीआय चिपमधे आहे, पण तुमच्या फाईलमधे तो बंद आहे.

पहिले खात्री करा. एलएसयूएसबी (यूएसबीवर काय काय आहे त्याची यादी देणारी कमांड) चालवा आणि रूट हब, म्हणजे प्रत्येक कंट्रोलरची स्वतःची नोंद, पहा. १डी६बी:०००२ म्हणजे २.० वाला, १डी६बी:०००१ म्हणजे १.१ वाला, ओएचसीआयचा. तुमच्याकडे नुसते ०००२ दिसतील असा माझा अंदाज आहे. मग /proc मधल्या device-tree फोल्डरात, soc (चिप) च्या खाली, १सी१बी४०० पत्त्याचा नोड उघडून त्यातलं स्टेटस वाचा, डिसेबल्ड लिहिलेलं असेल. हा पोर्ट १ चा ओएचसीआय, त्याचा ईएचसीआय १सी१बी००० वर. तुमचं कनेक्टर २ किंवा ३ नंबरवर नेलं असेल तर स्कीमॅटिक पाहून त्या नंबरचा नोड घ्या.

दुरुस्ती तीन ओळींची. एच३ च्या मूळ फाईलमधे रेजिस्टरचा पत्ता, इंटरप्ट, क्लॉक, रीसेट, फाय (यूएसबीच्या तारांशी बोलणारा भाग), सगळं आधीच लिहून ठेवलेलं आहे, फक्त स्टेटस डिसेबल्ड ठेवलं आहे, कारण कोणत्या बोर्डावर कोणतं पोर्ट बाहेर काढलं ते चिपवाल्याला कुठून माहीत. तुम्ही बोर्डाच्या फाईलमधे ईएचसीआय१ ला ओके केलं, त्याच्याच खाली ओएचसीआय१ चं स्टेटस पण ओके करा. नवा नोड हाताने लिहू नका, ओएचसीआयला ईएचसीआयपेक्षा एक क्लॉक जास्त लागतो आणि कॉपी-पेस्टमधे नेमका तोच राहून जातो. ५ व्होल्टच्या नोंदीला हात लावायची गरज नाही, पेनड्राइव्ह चालते म्हणजे ते बरोबरच आहे. आर्मबियन (अशा बोर्डांसाठीचं तयार लिनक्स) वापरत असाल तर यूएसबीहोस्ट१ नावाचं ओव्हरले, म्हणजे डिव्हाइस ट्रीला वरून लावायचं ठिगळ, चालू करा, ते दोन्ही कंट्रोलर सोबतच सुरू करते.

आणि डीटीबी फाईल (डिव्हाइस ट्रीचं कर्नल वाचतो ते तयार रूप) नवी बनवल्यावर बूटमधे खरंच नवीच गेली का ते पहा, लोक कर्नल बदलतात आणि डीटीबी जुनीच राहते, मग म्हणतात काही फरकच नाही.

एवढं करून स्टेटस ओके दिसते पण ०००१ येत नाही असं झालं तर कर्नल कॉन्फिगमधे ओएचसीआय आणि त्याचा प्लॅटफॉर्म ड्रायव्हर, दोन्ही वेगवेगळे ऑप्शन आहेत, दोन्ही चालू पाहिजेत. तरी नाही जमलं तर त्या नोडमधे जे काही आहे ते आणि डीमेसेज इथे टाका, पाहू.