माळ पडीक नसतो

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

घरचे म्हणतात बी.एड. कर, नाहीतर पुण्याला जाऊन क्लास लाव. तुला मात्र इथं सोलापूरला, केगावच्या विद्यापीठात पर्यावरणशास्त्र घ्यायचंय. फोनवर विचारलंस, "काका, याला स्कोप आहे का?" सांगतो, पण आधी माझी एक चूक ऐक.

नोकरीत नवा होतो. नान्नजकडच्या एका माळावर सलग समतल चर खोदून गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावायचं काम माझ्याकडे आलं. कागदावर जमीन 'पडीक'. एक मेंढपाळ आजोबा दोन दिवस नुसते बघत उभे होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "सायब, हितं कधी झाड नव्हतं. गवत व्हतं." मी हसलो. वीतभर माती, खाली मुरूम; निम्म्याहून जास्त रोपं पहिल्याच उन्हाळ्यात वाळली. जी जगली, त्यांच्या सावलीत गवत विरळ झालं आणि आजोबांची मेंढरं दुसरीकडे गेली. माळढोक पक्ष्याला लांबवर नजर पोहोचेल असा उघडा माळ लागतो, अंडं बहुधा एकच, तेही जमिनीवर. त्याच्या अंगणात मी झाडं लावत होतो, आणि वर फोटोही काढून घेतला होता.

माळ ही उजाड झालेली जंगलाची जागा नाही. काळवीट, लांडगा, खोकड, चंडोल यांचं ते भरलं घर आहे. पण 'हिरवं म्हणजे चांगलं' हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की पदवी घेऊनही जात नाही. तुझं आधी तेवढं गेलं तर बरं.

माळढोक अभयारण्याचाच इतिहास बघ. १९७९ साली ते जाहीर झालं तेव्हा क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर! त्यात गावं आली, रस्ते आले, लोकांची शेतं आली. जमिनीचे व्यवहार अडले, की शिव्या पक्ष्याला. पुढं ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं, तोवर पक्षीच दिसेनासा होत चालला होता. तेव्हा गवत ओळखायला शिकशील तसा सातबाराही वाचायला शीक. तो कुठल्या पेपरला नसतो.

उजनी धरणाचंही तसंच. बातमीत 'उजनी वजा' आलं की बाहेरच्याला वाटतं धरण कोरडं पडलं. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला ६३ च्या आसपास मृतसाठा. टक्के मोजतात ते फक्त वरच्या उपयुक्त पाण्याचे; ते संपून पाणी मृतसाठ्यात उतरलं की टक्के वजात. तरीही वजात गेलेल्या धरणाच्या जिल्ह्यात एवढा ऊस का, हा प्रश्न प्रबंधाला घेतलास तर गाइड आधी खोकतील. घे तरीही.

पुण्या-मुंबईच्या नावाला भुलू नकोस. हे विद्यापीठ २००४ मध्ये निघालं ते एकट्या सोलापूर जिल्ह्यासाठी. लोक याला लहान म्हणून हिणवतात, मला ती सोय वाटते. तुझा अभ्यासाचा विषय एसटीच्या पासात बसतो. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र केगावातच. कोरडवाहू शेतीचं संशोधन या शहरात १९३३ पासून चालू आहे. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पाऊस संपल्यावर पेरलेली ज्वारी नुसत्या मुरलेल्या ओलीवर येते. जलसंधारणाचं याहून चांगलं प्रात्यक्षिक मला ठाऊक नाही, हुरडा वेगळाच.

आता स्कोप. वनसेवा, मृद व जलसंधारण, भूजल सर्वेक्षण, पाणलोटात काम करणाऱ्या संस्था. जागा थोड्या, जाहिरातीचा भरवसा नाही. त्यामुळं क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर पहिल्याच वर्षी शीक. फुकट आहे, आणि नकाशा करता येणारं माणूस सगळ्यांना लागतं. पण नकाशावर निळा ठिपका देण्याआधी विहिरीत डोकाव. भूजलवाले ठरलेल्या विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात मोजतात. तूही दगड बांधलेली दोरी घेऊन तुमच्या गावातल्या पाच विहिरी त्याच महिन्यांत मोज. दोन वर्षांनी तुझ्याकडे जे असेल ते इंटरनेटवर मिळायचं नाही.

सुरुवात माझ्यासोबत कर. या रविवारी सकाळी सातच्या आत नान्नजच्या फाट्यावर ये, बार्शी रस्त्याला. येताना तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा दोन्ही बाजूंनी कापून आण. आधी माळावर, मग शेजारच्या काळ्या रानात तो वीतभर ठोकायचा, पाणी ओतायचं आणि किती मिनिटांत किती उतरलं ते घड्याळ लावून लिहायचं. काळ्या रानात पहिलं पाणी भेगांतून गपकन जाईल, मग माती फुगून तोंड मिटेल. तोपर्यंत बसायला वेळ लागतो. चहाचा थर्मास मी आणतो, टोपी तुझी तू आण.

तुझा,
काका