पहिला जुना रेंजफाइंडर घेताना

प्रश्न : फिल्मवर छायाचित्रे काढण्यासाठी जुना लायका एम३ हा रेंजफाइंडर कॅमेरा (दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून फोकस साधणारा) घेण्याचा विचार आहे. सोबत ३५ मिमीची लेन्स घ्यावी की ५० मिमीची?

उत्तर : १९५४ साली आलेल्या एम३च्या व्ह्यूफाइंडरमध्ये चित्रात किती भाग येईल हे दाखवणाऱ्या ५०, ९० आणि १३५ मिमीच्याच चौकटी दिसतात आणि ३५ मिमीसाठी वरून वेगळा व्ह्यूफाइंडर किंवा खास चष्मा जोडलेली लेन्स लागते, त्यामुळे एम३सोबत ५० मिमीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ३५ मिमीचाच आग्रह असेल, तर ती चौकट असलेला एम२ शोधावा.

पैसे देण्यापूर्वी लेन्सचा फोकस अनंतावर (∞ खुणेवर) ठेवून दूरच्या एखाद्या मनोऱ्याकडे पाहा; व्ह्यूफाइंडरच्या मधल्या उजळ चौकोनातील दोन्ही प्रतिमा तंतोतंत एकमेकींवर बसल्या पाहिजेत, आणि तो चौकोनच धूसर असेल तर व्यवहार तिथेच थांबवा, कारण ही दुरुस्ती फार महागात पडते. एक सेकंदाच्या वेगावर शटरचा आवाज कान देऊन ऐका. तो अडखळत असेल, तर बहुधा आतले वंगण वाळलेले असते. लेन्समधून टॉर्चचा उजेड पाडल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले, तर ती बुरशी समजावी. कोकणातल्या दमट हवेत ती लवकर धरते.

दुसऱ्या लेन्सची घाई करू नका. ते पैसे सध्या फिल्मच्या रोलवर खर्च करा.