घरचा सर्व्हर बाहेर उघडताना

पहिल्यांदाच करताय, तर एन्जिनएक्सला (बाहेरची विनंती मागच्या अॅपकडे पोचवणारा वेब सर्व्हर, म्हणजे इथला प्रॉक्सी) हात लावण्याआधी एक गोष्ट तपासा. राउटरच्या पानावरचा वॅन (इंटरनेटकडच्या बाजूचा) पत्ता आणि बाहेरून दिसणारा तुमचा आयपी एकच आहे का? राउटरवर १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता असेल, तर बहुधा तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. मग पोर्ट फॉरवर्डिंग (राउटरवर आलेली विनंती घरच्या सर्व्हरकडे वळवणं) कितीही अचूक केलंत तरी बाहेरून कोणी पोचणार नाही. मी यात दोन रात्री घालवल्या, सगळा दोष फायरवॉलला देत. इंटरनेटवाल्याकडून सार्वजनिक आयपी मागून घ्या.

पत्ता जुळला की एवढंच करा:

- फायरवॉलमध्ये बाहेरून फक्त ८० (एचटीटीपी) आणि ४४३ (एचटीटीपीएस) ही पोर्टं उघडा. ८० बंद करू नका, एचटीटीपीएससाठी फुकट प्रमाणपत्र देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची एचटीटीपी पडताळणी तिथेच येते.
- प्रमाणपत्र एन्जिनएक्सकडे ठेवा. मागचं अॅप १२७.०.०.१ वरच (त्याच मशीनच्या आतल्या पत्त्यावर) ऐकू दे.
- अॅप डॉकर कंटेनरमध्ये चालवत असाल तर जपा! '८०८०:८०८०' असं लिहिलेलं पोर्ट यूएफडब्ल्यूला (लिनक्सवरची फायरवॉल) वळसा घालून थेट उघडं पडतं. पुढे '१२७.०.०.१:' जोडा.

चाचणी मोबाइल डेटावरून घ्या. बरेच राउटर घरच्या वायफायवरून स्वतःच्याच सार्वजनिक पत्त्यावर जाऊ देत नाहीत. ५०२ ही त्रुटी दिसली तर घाबरू नका. तुम्ही फायरवॉल ओलांडून प्रॉक्सीपर्यंत पोचलात, अडचण आता मागच्या अॅपशी जोडण्यात आहे. काहीच न येता नुसता वेळ संपला, तर फॉरवर्डिंग पुन्हा बघा.

एचएसटीएस (ब्राउझरला फक्त एचटीटीपीएसच वापरायला लावणारी सूचना) सध्या लावू नका. प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं, त्याचं आपोआप नूतनीकरण एकदा नीट झालेलं दिसलं की मग एचएसटीएसकडे वळा.