सरकारी योजनेतून खरंच नोकरी लागते का, आणि लागायची असेल तर कोणती योजना घ्यावी

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. नोकरी सुटून आठ महिने झालेत, रोजगार कार्यालयात नाव नोंदवलंय, तिथून दोन पर्याय आलेत. एक सहा महिन्यांचं फुकट अकाउंटिंग ट्रेनिंग, आणि दुसरा एका छोट्या कंपनीत जागा, जिथे पगाराचा काही भाग काही महिने सरकार भरणार. आणि मित्र म्हणतायत की या योजनांनी कुणाला नोकरी लागत नाही, सगळं कागदावर असतं. मी बरीच वर्षं नोकरी शोधणाऱ्यांना सल्ला द्यायचं काम करतोय, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो, वेळ काढून वाचा.

आधी मित्रांचं. ते पूर्ण चूक नाहीयेत. जगभरातल्या अशा योजनांच्या २००हून जास्त अभ्यासांचा एकत्र हिशोब कार्ड, क्लूवे आणि वेबर या तिघा अर्थतज्ज्ञांनी २०१८मधे मांडला, त्यात योजना संपल्यावर पहिल्या वर्षाच्या आत सरासरी फायदा जवळजवळ शून्य निघाला. पण त्याच हिशोबात पुढे दोन-तीन वर्षांनी फायदा स्पष्ट दिसायला लागतो, आणि तो जास्त कुणाला तर बायकांना आणि जे बराच काळ बेरोजगार आहेत त्यांना. म्हणजे ज्यानं ट्रेनिंग संपल्यावर तीन महिन्यांनी 'काही उपयोग नाही' म्हटलं तो स्वतःचा खराच अनुभव सांगतोय, फक्त तो फार लवकर सांगतोय. मंदी असताना या योजनांचा फायदा जास्त दिसतो हेही त्याच अभ्यासात आहे.

दुसरं म्हणजे 'सरकारी योजना' या एकाच नावाखाली चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि लोक त्यांना एकाच मापानं मोजतात. नोकरी शोधायला मदत (काउन्सेलिंग, सीव्ही, इंटरव्ह्यूची तयारी, मेळावे), ट्रेनिंग, पगारात सबसिडी, सरकारनं स्वतःच दिलेलं काम, आणि धंद्यासाठी कर्ज किंवा अनुदान. धंद्याचं कर्ज हा वेगळाच विषय आहे, तुम्ही ते विचारलेलं नाही म्हणून सोडतो.

आता ट्रेनिंग. इथे मी सगळ्यात सावध असतो. विकसनशील देशांतल्या व्होकेशनल ट्रेनिंगच्या अभ्यासांचा आढावा डेव्हिड मॅकेन्झी या अर्थतज्ज्ञांनी २०१७मधे घेतला होता, त्यात शंभर जणांना ट्रेनिंग दिलं तर जेमतेम दोन-तीन जण असे निघतात ज्यांना ट्रेनिंगशिवाय नोकरी लागली नसती. बाकीच्यांना एकतर तशीही लागली असती किंवा ट्रेनिंग होऊनही लागली नाही. शिवाय ट्रेनिंग चालू असताना माणूस नोकरी शोधणं थांबवतो हे मी कायम बघतो, सकाळी क्लास, दुपारी प्रॅक्टिकल, संध्याकाळी 'आता कोर्स संपल्यावर बघू', आणि सहा महिन्यांनी बाहेर येतो तेव्हा त्याच्या हातात सर्टिफिकेट असतं पण ओळखीतल्या ज्या दोन ठिकाणी विचारता आलं असतं तिथल्या जागा भरलेल्या असतात.

पण सगळं ट्रेनिंग असं नसतं. अमेरिकेत टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओला प्रोजेक्ट क्वेस्ट नावाचा कार्यक्रम १९९०च्या दशकापासून चालतो, त्यात आधी तिथल्या दवाखान्यांना आणि कंपन्यांना माणसं कुठली कमी पडतायत हे बघून त्या जागांसाठीच शिकवतात, शिकत असताना फी, प्रवास, मुलांना सांभाळायची सोय यासाठी मदत करतात, दर आठवड्याला काउन्सेलरबरोबर मीटिंग असते, आणि शिकलेल्यांची कमाई कित्येक वर्षांनंतरही वाढलेली राहिली असं तपासात दिसलं. फरक कशानं पडला तर कोर्सच्या दुसऱ्या टोकाला माणसं घेणारा कुणीतरी आधीपासून उभा होता. माझं या सगळ्या क्षेत्राबद्दलचं मत एका वाक्यात सांगायचं तर हेच आहे, की योजनेचं नाव बघू नका, स्टायपेंड बघू नका, योजनेच्या शेवटी तुमच्यासमोर प्रत्यक्ष नोकरी देणारा माणूस बसणार आहे का ते बघा.

म्हणून त्या अकाउंटिंग कोर्सवाल्यांना जाऊन थेट विचारा की मागच्या बॅचची मुलं कुठे लागली, कंपन्यांची नावं सांगा, त्यातल्या एखाद्याशी बोलता येईल का. 'हंड्रेड पर्सेंट प्लेसमेंट असिस्टन्स' हे उत्तर नाहीये, असिस्टन्स म्हणजे नोकरी नव्हे. कोर्समधे एखाद्या ऑफिसात बसून काम करायचे महिने आहेत का तेही विचारा, असतील तर त्या कोर्सची किंमत माझ्या लेखी दुप्पट होते. जर्मनीतली अप्रेंटिसशिप इतकी वर्षं टिकलीये ती याच कारणानं, मुलगा आठवड्यातले बरेचसे दिवस कंपनीत असतो आणि उरलेले शाळेत, त्यामुळे कोर्स संपतो तेव्हा कंपनीला तो माहीत असतो.

पगाराच्या सबसिडीचं काय? इथे जॉर्डनचा प्रयोग लक्षात ठेवा. तिथे नुकत्याच कॉलेजमधून बाहेर पडलेल्या मुलींना एक व्हाउचर दिलं, जी कंपनी घेईल तिला सहा महिने त्यावर किमान वेतनाइतके पैसे मिळणार. व्हाउचर चालू होतं तोवर नोकरीत असलेल्या मुलींचं प्रमाण धाडकन वाढलं, आणि व्हाउचर संपल्यावर ते परत जवळजवळ जिथे होतं तिथे आलं. कंपन्यांना फुकट हात मिळाले होते, ते फुकट होते तोवर ठेवले. पण दुसरीकडे वर सांगितलेल्या त्या २००हून जास्त अभ्यासांत खासगी कंपनीतल्या सबसिडीवाल्या नोकऱ्यांचा पुढे चांगला परिणाम दिसलाय आणि सरकारी खात्यातल्या तात्पुरत्या कामांचा मात्र जवळपास नाही. मग फरक कुठे? माझ्या अनुभवात तो दोन गोष्टींत असतो, काम खरं आहे का, आणि सबसिडी संपताना कंपनीला तुमची गरज उरते का. तुम्हाला जर तिथे फाइली इकडून तिकडे न्यायला ठेवणार असतील तर सहा महिन्यांनी तुम्ही जिथे आहात तिथेच असाल. पण खरेदी-विक्रीच्या नोंदी, बँकेचे हिशोब जुळवणं, उधारीचे फोन, असं काही तुमच्या एकट्याच्या अंगावर असेल तर सबसिडी संपली तरी मालकाला तुम्हाला सोडणं जड जातं, आणि नाहीच ठेवलं तरी ते सहा महिने सीव्हीवर खऱ्या कामाचे दिसतात.

हे सीव्हीवर दिसणं का महत्त्वाचं ते सांगतो कारण तुम्ही आठ महिन्यांचा आकडा लिहिलाय. अमेरिकेतल्या १०० शहरांत खोटे रेझ्युमे पाठवून क्रॉफ्ट, लँग आणि नोटोविडिग्डो या संशोधकांनी तपासलं की नोकरीतला गॅप वाढत गेला तसे कंपन्यांचे फोन येणं कमी होत जातं, आणि ही घसरण मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांतली असते, नंतर ती जवळजवळ थांबते. म्हणजे तुमचं जे नुकसान व्हायचं होतं त्यातलं बरंचसं होऊन गेलंय, आता रोज उठून 'अजून एक दिवस गेला' म्हणून घाबरायचं कारण नाही, पण गॅप भरणारं काहीतरी हातात यायला हवं. तुमच्याकडे असलेल्या दोन पर्यायांत माझं मत नोकरीकडे झुकतंय, जर काम खरं असेल तर, आणि अकाउंटिंग संध्याकाळच्या बॅचला किंवा ऑनलाइन करता येईल का तेही बघा.

आणि ज्या गोष्टीकडे सगळे दुर्लक्ष करतात ती म्हणजे नोकरी शोधायची मदत. वर्कशॉप म्हटलं की लोक येत नाहीत, त्यात पैसेही नसतात. पण इथिओपियात अदिस अबाबाला काय झालं बघा. तिथे नोकरीच्या जाहिराती शहराच्या मध्यभागी बोर्डांवर लागतात, लांबच्या वस्तीतल्या मुलांना रोज तिथे जायला परवडत नाही. म्हणून काही मुलांना तिथवर यायचं बसभाडं दिलं आणि काही मुलांना वर्कशॉप दिलं, त्यात सीव्ही आणि इंटरव्ह्यूची तयारी होती आणि त्यांची परीक्षा घेऊन कौशल्याचं सर्टिफिकेट होतं. चार वर्षांनी बसभाडंवाल्यांत फरक उरला नव्हता, वर्कशॉपवाल्यांची कमाई मात्र बरीच वाढलेली होती. बसभाड्यानं मुलगा बोर्डापर्यंत पोचतो, पण समोरच्या मालकाला त्याला काय येतं हे कळत नाही, आणि तिथेच खरी अडचण असते. दक्षिण आफ्रिकेतही बेरोजगार तरुणांना चाचण्यांच्या निकालाचं सर्टिफिकेट हातात दिलं तेव्हा नोकरीत असलेल्यांचं प्रमाण शंभरामागे पाचनं वाढलं, शिकवलं काहीच नव्हतं, जे येत होतं तेच कागदावर आलं.

हे मी रोज टेबलावर बघतो. एक बाई सीव्ही घेऊन आल्या होत्या, त्यात आधीच्या नोकरीपुढे एकच ओळ होती, 'स्टोअरमधे काम केले'. मी विचारत गेलो, सकाळी गेल्यावर पहिलं काय करायचात? गाडी आली की माल उतरवून घ्यायचे. मग? चलन आणि ऑर्डर ताडून बघायची. कमी आला तर? सप्लायरला फोन, आणि वहीत नोंद. कॉम्प्युटर? हो, संध्याकाळी स्टॉकची एंट्री मीच करायचे. आता हे सगळं लिहिल्यावर तोच सीव्ही वेगळ्या माणसाचा वाटायला लागला, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. तुमच्या कार्यालयात काउन्सेलर असेल तर हेच करून मागा, हक्कानं मागा.

त्याच्याकडून आणखी एक करून घ्या, आठवड्याचा लेखी प्लॅन. कुठल्या वारी कुठे अर्ज, कुणाला फोन, कुठे प्रत्यक्ष जायचं. साधं वाटतं पण दक्षिण आफ्रिकेतल्याच एका प्रयोगात असा प्लॅन बनवलेल्यांनी शोधण्यात वेळ जास्त घातला नाही तरी १५ टक्के जास्त अर्ज केले आणि त्यांना नोकरी लागण्याचं प्रमाण २६ टक्क्यांनी वाढलं. आणि स्कॉटलंडमधल्या एडिनबरात लोकांना 'तुमच्या कामाच्या जवळची आणखी ही कामं बघा' असं ऑनलाइन सुचवल्यावर एकाच प्रकारची नोकरी धरून बसलेल्यांचे इंटरव्ह्यू वाढले. तुम्ही फक्त जुन्याच पदाचे अर्ज करताय असं तुमच्या पोस्टवरून वाटलं, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

मित्रांचा आणखी एक मुद्दा होता, की एकाला योजनेतून लागली म्हणजे दुसऱ्याची गेली. यात तथ्य आहे. फ्रान्समधे २३५ भागांत केलेल्या मोठ्या प्रयोगात हेच दिसलं, मदत मिळालेल्यांचा फायदा काही प्रमाणात मदत न मिळालेल्यांच्या वाटचा होता. पण तो सरकारनं विचार करायचा प्रश्न आहे, त्यासाठी तुम्ही हक्काची मदत सोडायची गरज नाही.

घरी बसून काय होतं तेही लिहितो कारण तुम्ही 'कशातच मन लागत नाही' असं लिहिलंय. ऑस्ट्रियात मारिएनथाल नावाच्या गावात १९३०च्या सुमाराला एकुलती एक गिरणी बंद पडली, तेव्हा संशोधक तिथे जाऊन राहिले. लोकांकडे वेळच वेळ होता, वाचनालयाची वर्गणीही माफ झाली होती, तरी पुस्तकं नेणं जवळजवळ निम्म्यावर आलं, पुरुष रस्त्यानं हळू चालायला लागले, मधेच थांबायचे. म्हणजे हे जे होतंय तो तुमचा आळस नाहीये, रिकाम्या दिवसांनी कुणाचंही तसंच होतं. त्याच गावाच्या पंचायतीत २०२०मधे वर्षभरापेक्षा जास्त बेरोजगार असलेल्या सगळ्यांना कामाची हमी देऊन बघितली, सक्ती नाही, सुतारकाम, बागकाम, शिवणकाम जे जमेल ते, आणि पैशांबरोबर लोकांचं मन, गावातली उठबस हेही सुधारलेलं दिसलं. म्हणून मघाशी सरकारी तात्पुरत्या कामांना मी कमी लेखलं ते फक्त पुढच्या नोकरीच्या हिशोबानं, ज्याला दुसरं काहीच मिळत नाहीये त्यानं ते जरूर घ्यावं.

शेवटी पैशाचं. सरकारी रोजगार सेवा फुकट असावी हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९१९पासून धरून ठेवलंय आणि खासगी एजन्सीनंही कामगाराकडून फी घेऊ नये असा त्यांचा १९९७चा करार आहे. योजनेच्या नावावर रजिस्ट्रेशन, डिपॉझिट, 'फाइल पुढे सरकवायचे' असं कुणी मागितलं तर देऊ नका, कार्यालयात जाऊन विचारा.

आता तुम्ही एवढं करा, त्या कंपनीत तुम्हाला नेमकं काय काम देणार आणि याआधी सबसिडीवर घेतलेली माणसं अजून तिथे आहेत का हे विचारून इथे लिहा, आणि सीव्हीतला जुन्या नोकरीचा भाग, नाव-पत्ता वगळून, इथे पोस्ट करा, मी बघून सांगतो.