वाचकांचे प्रश्न : पुस्तकातली जर्मन आणि वॉर्डातली जर्मन

प्रश्न : मी लातूर येथे नर्सिंगचे शिक्षण पूर्ण केले असून आठ महिन्यांपासून जर्मन शिकत आहे. ए२ पातळी झाली आहे. निवड झाली तर स्टुटगार्टच्या परिसरातील रुग्णालयात जावे लागेल. तिकडे गेलेली माझी मैत्रीण सांगते की, रुग्णांचे निम्मे बोलणे कळत नाही, कारण वर्गात शिकवतात ती जर्मन ते बोलतच नाहीत. मग मी आतापासूनच तिकडची बोली शिकावी काय?
— एक परिचारिका, लातूर

उत्तर : बोलायला शिकू नये; ऐकायला मात्र आतापासून शिकावे. स्टुटगार्ट ही बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याची राजधानी आहे. याच राज्याशी महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळासंबंधी करार केला, त्यामुळे आपल्या मैत्रिणीसारखा अनुभव मराठवाड्यातील आणखी अनेकांच्या वाट्याला येणार हे उघड आहे. या राज्याने १९९९ मध्ये स्वतःच्या जाहिरातीसाठी जे वाक्य निवडले, त्याचा अर्थ ‘आम्हांला सगळे येते, फक्त प्रमाण जर्मन तेवढी येत नाही’ असा होतो. ज्या राज्याला आपल्या बोलीचा एवढा अभिमान आहे, तेथील वयोवृद्ध रुग्ण परिचारिकेसाठी भाषा बदलतील, अशी अपेक्षा न ठेवलेली बरी.

स्टुटगार्टच्या आसपासच्या बोलीला स्वाबियन म्हणतात. तिचे काही उच्चार-बदल नियमित असल्यामुळे ते एकदा लक्षात आले की बरेचसे धुके निवळते. ‘आहे’ या अर्थाचे ‘इस्ट’ तेथे ‘इश’ होते आणि ‘मी’ या अर्थाचा, शेवटी श व ह यांच्या मधला ध्वनी असलेला शब्द नुसता ‘इ’ एवढाच उरतो. प्रमाण भाषेतला हा ‘मी’ कानाला ‘इश’सारखाच लागतो, त्यामुळे ‘आहे’ म्हटलेले असताना नवशिक्याला ‘मी’ ऐकू आल्याचा भास होतो. ‘नाही’ या अर्थाचे ‘निश्ट’ तेथे ‘नेट’ होते. लहान वा लाडक्या वस्तूच्या नावाला प्रमाण भाषेत ‘-शेन’ लागते, तेथे ‘-ले’ लागते. घराचे ‘हॉइसले’ होते.

उच्चारांपेक्षा खरी अडचण होते ती ओळखीच्या शब्दांनी. प्रमाण जर्मनमध्ये ‘फूस’ म्हणजे पाऊल आणि ‘बाइन’ म्हणजे पाय. परंतु स्वाबियन माणूस मांडीपासून बोटांपर्यंतच्या सगळ्यालाच ‘फूस’ म्हणतो. मराठी माणसाला यात नवल वाटण्याचे कारण नाही, कारण आपला ‘पाय’ही तेवढाच ऐसपैस आहे, मात्र पुस्तकातला अर्थ धरून आपण घोटा तपासत राहाल आणि आजोबांचा खुबा दुखत असेल. म्हणून बोट ठेवून दाखवायला सांगावे आणि मगच नोंद करावी. तसेच प्रमाण भाषेत ‘हेबेन’ म्हणजे उचलणे, पण स्वाबियन बोलीत त्याचा अर्थ धरून ठेवणे असा होतो. रुग्णाला पलंगावरून उठवताना हा फरक किती महत्त्वाचा ठरतो, हे आपणांस मी सांगायला नको. पांघरूण मागणाऱ्या आजींनी ‘टेपिश’ मागितले तर गालिचा शोधायला जाऊ नये.

आता बोली का बोलू नये, ते सांगतो. परीक्षा प्रमाण भाषेतच असते. व्यवसाय-मान्यतेसाठी साधारणपणे जी बी२ (ए२च्या दोन पायऱ्या वरची) पातळी लागते तिचीही, आणि रुग्णाच्या नोंदी, औषधांच्या सूचना, पाळी बदलतानाचा लेखी अहवाल हे सर्व प्रमाण भाषेतच लिहावे लागते. व्याकरण अजून पक्के नसताना बोलीची रूपे तोंडात बसली तर ती लिखाणात उतरतात आणि मग काढणे कठीण जाते. ऐकण्याच्या सरावासाठी त्या भागातील सार्वजनिक नभोवाणी ‘एसडब्ल्यूआर’ इंटरनेटवर उपलब्ध आहे. रोज पंधरा मिनिटे तिच्या मुलाखती ऐकाव्यात, बातम्या नव्हेत, कारण बातम्या प्रमाण भाषेत असतात.

आपल्याच जिल्हा रुग्णालयातले दृश्य आठवून पाहावे. खेड्यातली बाई ‘पोट दुखायलंय’ म्हणते तेव्हा पुण्याहून नव्याने आलेला डॉक्टर क्षणभर थबकतो, कारण त्याने ‘दुखत आहे’ एवढेच ऐकलेले असते. आठवडाभरात त्याला ते कळू लागते. तो स्वतः तसे बोलू लागत नाही आणि कुणी तशी अपेक्षाही ठेवत नाही. योगायोग असा की, चालू क्रियेसाठी वेगळे रूप वापरण्याची ही सवय जर्मनीतही आहे : प्रमाण जर्मनमध्ये ‘करतो’ आणि ‘करत आहे’ यांसाठी क्रियापदाची वेगवेगळी रूपे नाहीत, पण ऱ्हाइन नदीकाठच्या लोकांनी ‘आम’ हा शब्द घालून ‘करायलोय’सारखी रचना केव्हाच रूढ केली आहे.

प्रश्न : ‘हाल्ब ड्राय’ म्हणजे शब्दशः ‘अर्धे तीन’. मग त्याचा अर्थ साडेतीन न होता अडीच का होतो? शिवाय ‘फिअर्टल ड्राय’ म्हणजे सव्वातीन नव्हे, असेही वाचले.
— एक शिक्षक, परभणी

उत्तर : ‘अडीच’ हा आपला शब्द संस्कृत ‘अर्धतृतीय’ यापासून आला आहे, म्हणजे तिसरा अर्धा. जर्मन माणूसही नेमके हेच म्हणतो. फरक इतकाच की तो प्रत्येक तासाला हाच हिशेब लावतो, आणि आपण दीड व अडीच सोडून बाकी सगळे ‘साडे’वर सोपवले. ‘फिअर्टल ड्राय’ म्हणजे तिसऱ्या तासाचा पाव भाग सरला, अर्थात सव्वादोन. ‘ड्रायफिअर्टल ड्राय’ म्हणजे पाऊण भाग सरला, अर्थात पावणेतीन. ही पद्धत पूर्व जर्मनीत आणि दक्षिणेच्या बऱ्याच भागांत चालते. उत्तरेकडे व पश्चिमेकडे ‘दोननंतर पाव’, ‘तीनच्या आधी पाव’ अशा अर्थाने बोलतात, आणि तेथील माणसेही ‘फिअर्टल ड्राय’ ऐकून गोंधळतात. भेटीची वेळ ठरवताना आकड्यांत, १४.१५ अशी, विचारून घ्यावी.

प्रश्न : प्रमाण जर्मनला ‘होखडॉइच’ म्हणतात. ‘होख’ म्हणजे उच्च, तर बाकीच्या बोली हलक्या समजायच्या काय?
— एक पालक, जालना

उत्तर : नाही. ही उंची मुळात जमिनीची आहे, प्रतिष्ठेची नव्हे. बीडकडे घाटावरचे आणि घाटाखालचे म्हणतात, तसे दक्षिणेच्या डोंगराळ प्रदेशातील ते ‘उंचावरचे’ जर्मन आणि उत्तरेच्या सपाट किनारी प्रदेशातील ते ‘सखल’ जर्मन. ‘करणे’ याला सखल भागात ‘माकन’ म्हणतात, तर उंचावर ‘माखन’; या दोहोंमधील सीमारेषा ड्युसेलडॉर्फच्या बेनराट या भागाच्या नावाने ओळखली जाते. १५३४ मध्ये पूर्ण झालेल्या, धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या बायबल-भाषांतरामुळे उंचावरच्या गटातील लेखी भाषेला मोठे बळ मिळाले, आणि कालांतराने तेच नाव प्रमाण भाषेला चिकटले. भाषाशास्त्राच्या हिशेबाने स्वाबियन बोलीही याच उंचावरच्या गटात मोडते. तेव्हा लातूरच्या भगिनींनी एखाद्या आजोबांना ‘कृपया होखडॉइचमध्ये सांगा’ अशी विनंती केली आणि त्यांनी ‘मी तेच तर बोलतो आहे’ असे उत्तर दिले, तर ते अगदीच चूक म्हणता येणार नाही.